पंप बदलला तरी पिकअपचं पॉवर स्टेअरिंग पुन्हा का बिघडतं

स्टेअरिंग जड झालं, वळवताना घुं-घुं आवाज यायला लागला, म्हणून पंप बदलला. चार-सहा महिने बरं चाललं आणि पुन्हा तोच आवाज. आठ-दहा वर्षं चाललेल्या डिझेल पिकअपमध्ये हे इतक्या वेळा होतं की पंपच हलक्या दर्जाचे येतात, असं चालक आणि मालक धरून चालतात. हलके पंप बाजारात असतात, हे खरं. पण दुसरा किंवा तिसरा पंप गेला असेल तर पंप खराब करणारी गोष्ट अजून गाडीतच आहे, असं समजा. ती सापडेपर्यंत चौथा पंप आणू नका.

इथे लिहिलेलं बेल्टवर चालणाऱ्या हायड्रॉलिक पॉवर स्टेअरिंगला लागू आहे. गाडी बोलेरो पिकअप असो, टाटा २०७ असो की आणखी कोणती, तत्त्व एकच. ऑइलची टाकी, टाकीतून पंपाकडे येणारा जाड रबरी पाइप, पंप, पंपातून पुढे जाणारा दाबाचा पाइप, स्टेअरिंग बॉक्स किंवा रॅक (स्टेअरिंगचं फिरणं चाकांकडे पोचवणारा भाग) आणि तिथून टाकीकडे परत येणारा पाइप. सगळ्यात मिळून साधारण एक लिटर ऑइल. पंपाच्या आत फिरणारा रोटर असतो, त्याच्या खाचांत पातळ पोलादी पाती सरकतात आणि बाहेरच्या लंबगोल रिंगवर घासत ऑइल पुढे ढकलतात. पाती आणि रिंग यांच्यामध्ये ऑइलचा बारीक थर असतो, त्या थरावरच पंप जगतो. ऑइल कमी पडलं, त्यात हवा शिरली, कचरा आला किंवा ऑइल तापून पातळ झालं की हा थर तुटतो आणि धातूवर धातू घासतो. पंप खराब होण्याची जवळपास सगळी कारणं याच चौघांपैकी एकाकडे जातात.

सुरुवात टाकीच्या झाकणापासून

झाकण उघडा, काडीवरचा ऑइलचा थेंब पांढऱ्या कागदावर घ्या आणि उजेडात बघा. लाल आणि पारदर्शक असेल तर ठीक. तपकिरी-काळं आणि जळका वास असेल तर ऑइल तापून मेलंय. गुलाबी दुधासारखं दिसत असेल तर त्यात हवेचे बुडबुडे किंवा पाणी आहे. कागद तिरका केल्यावर चंदेरी चमक दिसली तर पंपाची किंवा बॉक्सची झीज ऑइलमध्ये फिरतेय. अशा वेळी पुढचं सगळं काम वेगळं होतं, ते खाली येईल.

टाकीत काय ओतलं गेलंय हे विचारून घ्या. बहुतेक जुन्या पिकअपना डेक्सरॉन प्रकारचं लाल एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल) लागतं, नेमका प्रकार झाकणावर किंवा गाडीच्या पुस्तकात छापलेला असतो. काही गाड्यांना हिरवं सिंथेटिक ऑइल लागतं, ते लाल ऑइलमध्ये मिसळायचं नाही. सगळ्यात मोठं नुकसान होतं ते ब्रेक ऑइलमुळे. रस्त्यात टाकी रिकामी दिसली आणि हाताशी ब्रेक ऑइलचीच बाटली होती म्हणून ओतली, असं घडतं. ब्रेक ऑइल ग्लायकॉलचं असतं, पॉवर स्टेअरिंगच्या रबरी सीलांना ते चालत नाही. सील फुगतात, मऊ पडतात आणि थोड्याच दिवसांत पंप, बॉक्स आणि पाइप सगळीकडून गळायला लागतात. इंजिन चालू करण्याआधीच लक्षात आलं तर टाकी सोडवून काढा, धुवा, पाइपमधलं ऑइल सोडून द्या, गाडी वाचते. त्यावर गाडी पळवली असेल तर सील किट बदलावे लागतील हे मनात धरून चला.

टाकीच्या तळाशी बारीक जाळी असते. जुन्या गाड्यांत ती चिखलासारख्या गाळाने बंद झालेली सापडते. जाळी बंद झाली की पंपाला ऑइल ओढता येत नाही आणि तो ओरडतो. बऱ्याच टाक्यांत जाळी वेगळी निघत नाही, तेव्हा टाकीच बदलायची. पंपाच्या तुलनेत टाकी स्वस्त आहे, तरी पंप बदलणाऱ्यांपैकी फार थोडे जण टाकी उघडून बघतात. झाकणावरचं हवेचं बारीक छिद्रही टाचणीने मोकळं करा.

जडपणा ऑइलचा की लोखंडाचा

हे ठरवल्याशिवाय पंपाला हात लावू नका. आधी पुढच्या टायरची हवा दाराजवळच्या पट्टीवर दिली आहे तेवढी भरा. हवा दहा पौंडांनी कमी असली तरी उभ्या गाडीचं स्टेअरिंग चांगलंच जड लागतं. मग गाडी सपाट जागी घ्या, मागच्या चाकांना उटी (अडसर) लावा, पुढचा भाग जॅकने उचलून स्टँडवर ठेवा. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली जायचं नाही.

इंजिन बंद ठेवून स्टेअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. चाकं हवेत असल्यामुळे ते एकसारख्या जोराने फिरलं पाहिजे. दर अर्ध्या फेऱ्याला अडकल्यासारखं होत असेल तर स्टेअरिंगच्या दांड्यावरचा युनिव्हर्सल जॉइंट गंजलाय. पावसाळ्यात चिखलातून फिरलेल्या गाड्यांत हा दोष हमखास असतो. जॉइंट थोडा गंजलेला असेल तर तो मोकळा करून ग्रीस मारता येतो, पण त्यात खटका किंवा सैलपणा असेल तर तो बदलायचा.

सगळीकडे सारखंच जड असेल तर ड्रॉप आर्मपासून (बॉक्समधून निघणारा हात) ड्रॅग लिंक (तिथून चाकाकडे जाणारा दांडा) सोडवा. बॉल जॉइंट काढायला पुलर वापरा, आट्यांवर हातोडा मारला की नट परत बसत नाही. आता पुन्हा स्टेअरिंग फिरवा. हलकं फिरलं तर बॉक्स निर्दोष, जडपणा किंग पिन (जिच्याभोवती चाक वळतं ती खीळ), बॉल जॉइंट किंवा टाय रॉडमध्ये (चाक वळवणारा दांडा) आहे. चाक हाताने धरून डावी-उजवीकडे हलवा, कोणती बाजू जड आहे ते लगेच कळतं. लिंक सोडूनही जड असेल तर बॉक्स किंवा कॉलम (स्टेअरिंगचा दांडा). रॅक असलेल्या गाडीत हीच तपासणी टाय रॉडचे बाहेरचे एंड सोडवून करायची. जोडताना स्प्लिट पिन नवी घाला, आणि नटाची खाच पिनच्या भोकासमोर येत नसेल तर नट पुढच्या खाचेपर्यंत घट्ट करा, मागे सैल करू नका.

किंग पिनला ग्रीस मारताना चाक जमिनीवर असेल तर वजनाखाली दबलेल्या बेअरिंगमध्ये ग्रीस शिरत नाही, ते बाजूने बाहेर येतं. एक्सल उचलून, चाक हलवत ग्रीस मारा आणि जुनं काळं ग्रीस बाहेर पडून नवं दिसेपर्यंत मारत राहा. नारायणगाव, लासलगावच्या बाजारात रोज भरून येणाऱ्या गाड्यांना हे काम पावसाळ्यात दर महिन्याला केलं तरी जास्त नाही. वळण संपल्यावर स्टेअरिंग आपणहून सरळ येत नसेल तरी संशय आधी इथेच घ्या.

जड कधी होतं, यावरून काय कळतं

लोखंडाचा भाग मोकळा निघाला की मग हायड्रॉलिककडे या. इथे चालकाला नीट प्रश्न विचारले तर अर्धं निदान उभ्या उभ्या होतं.

इंजिन मंद चालताना जड आणि थोडी रेस दिली की हलकं होत असेल तर पंपाचा प्रवाह कमी पडतोय. बेल्ट सरकतोय, इंजिनचा आयडल (मंद चालण्याचा वेग) कमी लावलाय, नाहीतर पंप झिजलाय. सकाळी पहिल्या काही मिनिटांत जड आणि गाडी तापल्यावर ठीक होत असेल, आणि हे बहुधा रॅकच्या गाड्यांत, तर व्हॉल्व्हच्या रिंगांनी अ‍ॅल्युमिनियमच्या भिंतीत खाचा पाडल्या आहेत. तापल्यावर फटी थोड्या भरतात म्हणून बरं वाटतं. हा दोष पंप बदलून कधीच जाणार नाही. उलट, गाडी थंड असताना छान आणि घाट चढून तापल्यावर जड होत असेल तर ऑइल पातळ झाल्यावर पंपाच्या किंवा बॉक्सच्या आत गळती होतेय. फक्त एकाच बाजूला जड असेल तर पंप सोडून द्या. पंपाला डावं-उजवं कळत नाही, दोष बॉक्समधल्या व्हॉल्व्हचा किंवा पिस्टनच्या सीलचा. आणि वेगाने वळवताना मध्येच झटका लागून स्टेअरिंग क्षणभर अडत असेल तर हवा किंवा सैल बेल्ट.

हवा: सगळ्यात जास्त चुकवणारा दोष

पंप टाकीतून ऑइल ओढतो तेव्हा टाकी ते पंप या पाइपमध्ये दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो. त्यामुळे या पाइपला बारीक चीर असेल तर तिथून ऑइल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते. वरून सगळं कोरडं आणि आत ऑइलला फेस. ताक पिताना नळीला वर भोक असावं, तसं होतं. पंप बदलताना हाच जुना पाइप आणि तीच जुनी क्लिप परत लावली जाते आणि नवा पंप पहिल्या दिवसापासून फेस पीत राहतो. बुडबुडे दाबाखाली फुटतात तेव्हा पाती आणि रिंग यांच्यावर बारीक खड्डे पाडतात. चार महिन्यांत पुन्हा घुं-घुं येण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण हे आहे.

हवा आहे की नाही हे ओळखायला सोपी तपासणी आहे. गाडी तापवा, इंजिन मंद चालू ठेवून टाकीतली पातळी खुणेने टिपा. मग इंजिन बंद करा आणि पुन्हा बघा. बंद केल्यावर पातळी पाच मिलिमीटरहून जास्त वर चढली तर ऑइलमध्ये हवा आहे, कारण दाब गेल्यावर दबलेले बुडबुडे फुगतात.

ती कुठून येते हे शोधायला इंजिन मंद चालू ठेवून ओढणाऱ्या पाइपच्या दोन्ही जोडांवर बोटाने जाड ग्रीस लिंपा. हात आणि बाही बेल्ट-पंख्यापासून लांब ठेवा. ग्रीस लावताच आवाज बदलला किंवा टाकीतला फेस कमी व्हायला लागला तर जागा सापडली. इथे पाइप बदलताना ऑइल चालणारा, पंपाच्या ओढीने न चपटणारा पाइपच घ्या. पाण्याचा किंवा हाताला लागला तो मऊ पाइप रेस दिल्यावर चपटा होतो आणि पंप उपाशी राहतो. जुन्या पाइपचं आतलं अस्तर सुटून पडद्यासारखं आडवं येतं, तेही बाहेरून दिसत नाही. म्हणून पंप बदलायचा असेल त्या दिवशी हा पाइप आणि दोन्ही क्लिपा न विचारता नव्या घाला.

पाइप नवा असूनही हवा येत असेल तर पुलीमागचं शाफ्टचं सील. इंजिन चालू असताना तेही ओढणीच्या बाजूला असतं, त्यामुळे चालताना हवा घेतं आणि गाडी उभी राहिल्यावर थेंब सोडतं. सकाळी पुलीखाली ओलं दिसणं आणि दिवसभर फेस असणं, या दोन्ही तक्रारी एकाच सीलच्या असू शकतात.

बेल्ट

स्टेअरिंग पूर्ण कापल्यावर, म्हणजे टोकापर्यंत वळवल्यावर, चिरकणारा तीव्र आवाज बेल्टचा, आणि वळवताना खालच्या सुरात वाढणारं घुं-घुं पंपाचं. दोन पुलींच्या मधोमध अंगठ्याने साधारण दहा किलोच्या जोराने दाबल्यावर जुना बेल्ट १० ते १२ मिलिमीटर दबावा, नवा थोडा कमी. व्ही बेल्टची पाठ पुलीच्या कडेच्या खाली गेली असेल तर तो झिजलाय, कितीही ताणला तरी तळाला टेकून सरकणारच. काचेसारखा चकचकीत झालेला आणि ऑइलने भिजलेला बेल्ट धुऊन उपयोग नाही, बदला. जास्तही ताणू नका, त्याने पंपाचं बुश आणि सील दोन्ही जातात. पंपाच्या ब्रॅकेटचे बोल्ट हलवून बघा. ब्रॅकेटला तडा असेल तर पुली तिरकी होते आणि कितीही बेल्ट घातले तरी खाल्ले जातात.

गळती

ओल्या इंजिनमध्ये गळती शोधणं म्हणजे वेळ घालवणं. पंप, पाइप आणि बॉक्स केरोसीन आणि ब्रशने धुवा, पुसून पूर्ण कोरडे करा, वर टाल्कम पावडर भुरभुरवा. इंजिन चालू करून चार-पाच वेळा पूर्ण डावी-उजवीकडे फिरवा आणि पावडर सगळ्यात वर कुठे ओली झाली ते बघा. ऑइल खाली ओघळतं आणि पंखा ते मागे उडवतो, त्यामुळे थेंब पडतो तिथे गळती असेलच असं नाही.

दाबाच्या पाइपच्या बोल्टखाली तांब्याची वॉशर असते, ती प्रत्येक वेळी नवीच. पाइपाच्या टोकाला ओ-रिंग असेल तर ती ऑइलला चालणाऱ्या रबराची घ्या. दाबाचा पाइप मध्ये फुटला तर कापून क्लिपा लावून जोडायचा प्रयत्न कोणीही करू नये. पूर्ण कापल्यावर तिथे ७० ते १०० बार दाब येतो. हायड्रॉलिक पाइप दाबून देणाऱ्या दुकानात तेवढ्याच लांबीचा आणि त्याच टोकांचा पाइप बनवून मिळतो, जुना सोबत न्या. परतीच्या पाइपला दाब कमी, तिथे चांगली क्लिप पुरते.

बॉक्समध्ये वरच्या इनपुट शाफ्टचं आणि खालच्या ड्रॉप आर्मजवळचं सील गळतं. खालचं सील बदलून महिन्याभरात पुन्हा गळलं तर सीलला दोष देऊ नका, शाफ्टचं बेअरिंग किंवा बुश झिजून शाफ्ट हलतोय. रॅकच्या गाडीत टोकाच्या रबरी बुटाची क्लिप सोडून बघा. आतून ऑइल ओघळलं तर रॅकचं सील गेलं. बूट फाटून चिखल आत गेलेला असेल तर दांड्यावर गंजाचे खड्डे पडतात आणि नवं सीलही टिकत नाही, दांडा नखाने चाचपून बघा.

ऑइल कमी होतंय पण बाहेर कुठेच ओलं नाही, असंही होतं. काही डिझेल इंजिनांत पंप बेल्टवर नसून टायमिंगच्या गिअरवर असतो. त्याचं शाफ्टचं सील गेलं की स्टेअरिंगचं ऑइल सरळ इंजिनच्या चेंबरमध्ये (इंजिन ऑइल साठतं त्या खालच्या भांड्यात) जातं. इंजिन ऑइलची काडी पातळी वाढलेली दाखवते का बघा. दाखवत असेल तर सील बदलून इंजिन ऑइलही बदला.

गळती थांबवणारी बाटलीतली औषधं सील मऊ करून थोडे दिवस काम करतात. फाटलेल्या सीलला किंवा झिजलेल्या शाफ्टला त्यांचा उपयोग नाही, आणि चांगल्या सीलांवरही ती तोच परिणाम करतात.

गेज लावल्याशिवाय पंप बाद ठरवू नका

पंप गेलाय की बॉक्स, हा वाद गेजने दहा मिनिटांत मिटतो. ० ते १४० बारचं गेज आणि त्यापुढे बंद-चालू करायचा व्हॉल्व्ह, असा जोड पंप आणि बॉक्स यांच्या मधल्या दाबाच्या पाइपवर लावतात. पॉवर स्टेअरिंगचंच काम करणाऱ्या कारागिराकडे हा संच असतो, नसेल तर त्याच्याकडून पंप बदलून घेऊ नका, एवढं मी आग्रहाने सांगेन.

ऑइल तापवा, हाताला पाइप चांगला गरम लागला पाहिजे. व्हॉल्व्ह पूर्ण उघडा, स्टेअरिंग सरळ, इंजिन मंद. गेज साधारण ५ ते ९ बार दाखवेल. १४ च्या वर असेल तर पुढे कुठेतरी अडथळा आहे: चेपलेला पाइप, आतून सुजलेला रबर, किंवा बॉक्समधला कचरा. असा अडथळा ऑइल सतत तापवत राहतो.

आता व्हॉल्व्ह पूर्ण बंद करा, आकडा वाचा आणि लगेच उघडा. पाच सेकंदांहून जास्त बंद ठेवलात तर पंप तुमच्याच हाताने जाईल. असं तीनदा करा. आकडा गाडीच्या पुस्तकातल्या मर्यादेत आणि तिन्ही वेळा ३-४ बारच्या आत सारखा आला तर पंप चांगला आहे. आकडे चांगले पण एकमेकांपासून लांब असतील तर पंपातला प्रवाह नियंत्रक व्हॉल्व्ह अडकतोय. तिन्ही आकडे सारखे पण कमी असतील तरी आधी हाच व्हॉल्व्ह काढा. बऱ्याच पंपांत तो दाबाच्या पाइपच्या जोडामागे असतो, स्प्रिंगसकट बाहेर येतो. केरोसीनने धुऊन, त्याच्या टोकाची बारीक जाळी साफ करून, ऑइल लावून परत सोडला तर तो स्वतःच्या वजनाने घरात सरकला पाहिजे. ओरखडा असेल तर अगदी बारीक, हजार नंबरच्या पुढच्या पॉलिश पेपरने गोलाकार घासा, लांबीत नाही. दाब वाढवायला स्प्रिंगखाली वॉशर घालण्याचा उद्योग करू नका, पाइप फुटतो. हे करूनही दाब कमीच आला तर मग पंप गेला.

शेवटी व्हॉल्व्ह उघडा ठेवून स्टेअरिंग दोन्ही टोकांना क्षणभर पूर्ण कापा. तिथे मघाच्या बंद व्हॉल्व्हएवढाच दाब आला तर बॉक्स ठीक. कमी आला तर बॉक्स आतून गळतोय आणि नवा पंप लावून ते जड स्टेअरिंग हलकं होणार नाही.

पंप बदलायचाच असेल तर

जुना पंप खोलून रिंगवर ओरखडे दिसले, किंवा ऑइलमध्ये चमक होती, तर ती धातूची पूड बॉक्समध्ये आणि टाकीतही आहे. सगळं न धुता नवा पंप लावणं म्हणजे तीच पूड त्याला पाजणं. डिझेल, केरोसीन किंवा पेट्रोलने आतून धुऊ नका, ते आत राहिलं की ऑइल पातळ करतं आणि सीलना खातं. त्याच ग्रेडचं तीन लिटर ऑइल घ्या.

पुली दाबून बसवलेली असेल तर पुलरने काढा आणि बसवायच्या स्क्रूनेच बसवा. हातोड्याने ठोकली की शाफ्ट मागे ढकलला जातो आणि पंप पहिल्या दिवशीच आतून खराब होतो. टाकी नवी किंवा धुतलेली लावा, ऑइल भरा, आणि बेल्ट चढवायच्या आधी पुली हाताने फिरवत राहा, टाकीत बुडबुडे येणं थांबेपर्यंत. कोरडा पंप एकदाही चालू करायचा नाही.

पुढची चाकं स्टँडवर ठेवून परतीचा पाइप टाकीपासून सोडा, तो बादलीत धरा आणि टाकीचं ते तोंड बुचाने बंद करा. एकाने ऑइल ओतायचं, दुसऱ्याने इंजिन चालू करून पाच सेकंदांत बंद करायचं. तेवढ्यात अर्धा लिटर ऑइल सहज बाहेर येतं, म्हणून एकट्याने हे काम करू नये. टाकी एकदाही रिकामी होऊ द्यायची नाही. दर वेळी स्टेअरिंग दोन्हीकडे फिरवा, म्हणजे बॉक्सच्या दोन्ही बाजूंचं जुनं ऑइल निघतं. लाल स्वच्छ ऑइल यायला लागलं की पाइप जोडा. पूड जास्त असेल तर बॉक्स खोलूनच धुवावा लागतो. परतीच्या पाइपमध्ये चुंबक असलेला छोटा फिल्टर बाणाच्या दिशेने बसवा, हा खर्च मला योग्य वाटतो. ओढणीच्या पाइपवर मात्र कोणताही फिल्टर लावायचा नाही.

हवा काढताना घाई होते आणि काम वाया जातं. इंजिन बंद, चाकं हवेत, स्टेअरिंग सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पंधरा-वीस वेळा फिरवा, टोकाला दाबून धरू नका, टाकी भरत राहा. मग इंजिन मंद चालू करून तेच करा. फेस दिसला तर इंजिन बंद करून अर्धा तास थांबा. रेस देऊन हवा निघत नाही, ती आणखी बारीक फेटली जाते. गाडी खाली घेऊन शेवटी पाच मिलिमीटरची तपासणी पुन्हा करा.

पंप लवकर मरण्याचं आणखी एक कारण इथेच बघून घ्या. एक्सलवर चाक किती वळावं हे ठरवणारे स्टॉपर बोल्ट असतात. ते कुणी काढले असतील किंवा आत फिरवले असतील तर चाक स्टॉपरला टेकण्याआधी बॉक्सच आपल्या टोकाला जातो आणि प्रत्येक वळणावर पंप पूर्ण दाबावर अडतो. त्यातच भरलेल्या हौद्यासह, गाडी जागेवर उभी ठेवून स्टेअरिंग पूर्ण कापून धरलं तर ऑइल पाहता पाहता तापतं. बाजार समितीत गाडी लावताना चाक थोडं फिरत असतानाच वळवा आणि टोकाला लागल्यावर बोटभर मागे सोडा. रेडिएटरसमोर ऑइल थंड करणारी नळी असेल तर तिच्यावरचा चिखल धुवा.

प्ले आणि ओढणं

इंजिन चालू ठेवून एकाने स्टेअरिंग दोन-तीन बोटं डावी-उजवीकडे हलवायचं, दुसऱ्याने वरून खाली एकेक जोड हाताने चाचपायचा: युनिव्हर्सल जॉइंट, बॉक्स, ड्रॉप आर्म, ड्रॅग लिंक, टाय रॉड एंड, किंग पिन. जिथे एक बाजू हलते आणि दुसरी थांबून हलते, तिथे प्ले, म्हणजे सैलपणा. स्टेअरिंगच्या चाकाच्या कडेला ३० मिलिमीटरच्या वर प्ले चालवून घेऊ नका. बॉक्सवरचा ॲडजस्ट करायचा स्क्रू सगळ्यात शेवटी, तोही स्टेअरिंग बरोबर मधोमध असताना, एका वेळी पाव फेऱ्याहून कमी. जास्त आवळला तर वळणानंतर स्टेअरिंग परत येत नाही आणि आतले दाते खराब होतात.

गाडी एका बाजूला ओढत असेल तर पुढचे दोन टायर आपसांत बदला. ओढणंही बाजू बदलत असेल तर टायर. नाही बदललं, तर चाकं हवेत ठेवून इंजिन चालू करा. हात न लावता स्टेअरिंग आपणहून एकीकडे फिरायला लागलं तर बॉक्समधला व्हॉल्व्ह बिघडलाय, आणि अशी गाडी दुरुस्त होईपर्यंत रस्त्यावर नेऊ नये. स्टेअरिंग ठरावीक वेगाला थरथरत असेल तर तो विषय चाकांच्या बॅलन्सचा आणि किंग पिनचा, त्यात पॉवर स्टेअरिंग शोधत बसू नका.

रस्त्यात बंद पडलं तर

दाबाचा पाइप फुटला तर लगेच गाडी कडेला घेऊन इंजिन बंद करा. हे ऑइल तापलेल्या सायलेन्सरवर किंवा टर्बोवर पडलं तर पेट घेतं. बॉनेट उघडताना चेहरा लांब ठेवा. मदत गेली तरी स्टेअरिंग आणि चाकं लोखंडाने जोडलेलीच असतात, गाडी वळते, पण जोर कितीतरी जास्त लागतो. म्हणून कसारा किंवा माळशेजसारख्या घाटात उतारावर डिझेल वाचवायला इंजिन बंद करून गाडी सोडणं जिवावरचं आहे. स्टेअरिंग जड होतं आणि ब्रेकची व्हॅक्युमची मदतही दोन-चार दाबांत संपते.

गॅरेजपर्यंत न्यायचीच असेल तर आधी बेल्ट बघा. पॉवर स्टेअरिंगचा बेल्ट वेगळा असेल तर तो काढून टाका, पंप कोरडा फिरणार नाही आणि गाडी रिकामी करून हळू चालवत नेता येईल. तोच बेल्ट पाण्याचा पंप किंवा अल्टरनेटर फिरवत असेल तर काढू नका, गाडी ओढून न्या.